वायफायचे निस्तारपत्रक

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या खेड्याच्या सार्वजनिक वाचनालयाने वायफायची सोय करण्याचे मनावर घेतले, म्हणजे चिटणीसांना पहिली सूचना अशी की, तळहातावर मावणारी ती पांढरी डबी बाजारातून आणण्यापूर्वी कार्यकारिणीची रीतसर सभा बोलवावी, गणपूर्तीची अर्धा तास वाट पाहावी, ती होत नाही असे दिसताच सभा तहकूब करून त्याच जागी, त्याच तीन सभासदांनिशी पुन्हा भरवावी, आणि डबीची किंमत, तिची जागा व तिचा ताबा या तिन्ही बाबींवर निरनिराळे ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. डबी भिंतीला लावण्यास फार तर अर्धा तास पुरतो. ती कोणाची हे ठरण्यास किती काळ लागू शकतो, याची कल्पना या जिल्ह्याला तलावांच्या अनुभवावरून पुरेशी आहे.

गोंड राजांच्या अमदानीत कोहळी लोकांनी उतार हेरून, मातीची पाळ घालून जे तलाव या मुलखात बांधले, जे पुढे मालगुजारांच्या वहिवाटीत गेले, आणि १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारजमा होऊन आज माजी मालगुजारी, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘मामा’, तलाव म्हणून दफ्तरी नांदत आहेत, त्यांच्या कारभारात आणि वायफायच्या कारभारात तत्त्वतः फारसे अंतर नाही. एक मर्यादित साठा असतो. तुडुम उघडले की पाणी नहरेने निघते. ते बांधीमागून बांधी भिजवीत जाते. ज्याची बांधी पाळीच्या पायथ्याशी त्याच्या धानाला पाणी सर्वांआधी, आणि ज्याची अगदी शेवटी त्याच्या वाट्यास आश्वासन. बंदोबस्ताच्या अंमलदारांनी हे मर्म ओळखले होते. म्हणूनच त्यांनी गावोगावी वाजिब-उल-अर्ज लिहून घेतले, आणि पाणी कोणी कसे घ्यावे, वाट कोणाच्या शेतातून जावी, मासळी कोणी धरावी, हे रिवाज त्यात नमूद केले. निस्तारपत्रकात गावच्या पडीत जमिनीवरचे चराईचे आणि सरपणाचे हक्क आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने १९६६ साली हे दोन्ही दस्तऐवज कायम ठेवले. डबीसोबत येणारे घडीपत्रक अनेक भाषांत छापलेले असले, तरी हक्कांच्या बाबतीत ते सर्व भाषांत सारखेच मूक असते. ती उणीव भरून काढणे एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम डबीच्या खरेदीविषयी. ती लहान असावी, पाच किंवा बारा व्होल्टवर चालणारी असावी, म्हणजे भारनियमनाच्या वेळी खिशात मावणाऱ्या बॅटरीवरही ती तग धरते. आणि तिच्यावरील शिंगांची संख्या पाहून दुकानात मोहात पडू नये. या डबीला बहुधा तीन-चार रूपे धारण करता येतात: ती राउटर होते, ॲक्सेस पॉइंट होते, रिपीटर होते. वाचनालयात इंटरनेटची मूळ पेटी अगोदरच असेल, तर नव्या डबीने ॲक्सेस पॉइंट व्हावे, यात तिचा आणि सर्वांचा मान राहतो. मूळ पेटी शेजारच्या ग्रामपंचायत कार्यालयात असेल, म्हणजे २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेची काचतंतूची तार तेथवर येऊन विसावली असेल, तर तेथून वाचनालयापर्यंत तांब्याची तार ओढता येते. परंतु तिची लांबी शंभर मीटरपलीकडे जाऊ नये, हा नियम अटळ आहे. जुन्या मोजणीच्या साखळीने हे अंतर पाच साखळ्यांहून किंचित कमी भरते. तलाठ्यांनी मोजणीस येण्याचे मान्य केल्यास उत्तम. न केल्यास ते येईपर्यंत थांबू नये.

आता स्थापनेची जागा. कार्यकारिणीचा स्वाभाविक कल डबी गोदरेजच्या कपाटात ठेवून कुलूप लावण्याकडे राहील, आणि किल्ली खजिनदारांकडे राहावी असा ठरावही एकमताने संमत होईल. कारण जी वस्तू किमती तिला कुलूप, हे आपले सनातन अर्थशास्त्र आहे. येथे चिटणीसांनी नम्रपणे निदर्शनास आणून द्यावे की, वायफायच्या लहरी धातूतून पार होत नाहीत, आणि कपाटात ठेवलेले वायफाय केवळ कपाटातील हिशोबवह्यांनाच उपलब्ध राहील. कपाटावरची जागाही निषिद्ध समजावी, विशेषतः जेथे देणगीदाखल आलेल्या समया, चषक आणि पितळी गुंड यांची आरास असेल. भंडाऱ्याच्या पितळेची कीर्ती दूरवर गेली आहे हे खरे, परंतु त्याच पितळेवर आपटून वायफायची कीर्ती मागे फिरते. छपरावर टिनपत्रे असतील तर छपरापलीकडे कोणीही अपेक्षा ठेवू नये.

मातीच्या भिंतींविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. दीड-दोन फूट रुंदीची जुनी भिंत उन्हाळ्यात थंडावा देते आणि पावसाळ्यात ओल धरते, हे तिचे दोन गुण सर्वश्रुत आहेत. या लहरींना पाणी शोषून घेते, हा तिसरा गुण वायफाय आल्यावर कळतो. २.४ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर असते, म्हणजे वीतभरही नाही. पाच गिगाहर्ट्‌झची लहर त्याच्या निम्म्याने आखूड असून ती वेगाने माहिती नेते, परंतु भिंत दिसताच लवकर खचते. सबब खेड्यात २.४ चा पट्टा चालू ठेवावा, डबी डोक्याच्या वर, खोलीच्या मध्यभागी, उघड्यावर टांगावी, आणि आषाढात वेग मंदावला असे वाटल्यास कोणास बोल लावण्यापूर्वी भिंतीस हात लावून पाहावा. वाचकांची दाटी झाली तरी वेग घटतो. कारण वाचक हासुद्धा बहुतांशी पाणीच आहे, मग तो वर्तमानपत्र वाचीत असो वा झोपलेला असो.

डबी टांगल्यावर तिचे नामकरण करावे लागते, आणि येथे देणगीदाराच्या कुटुंबीयांना बोलावण्याची घाई करू नये. जाळ्याचे नाव बत्तीस बाइटांत बसले पाहिजे. रोमन अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीचा प्रत्येक वर्ण, काना, मात्रा आणि हलन्तदेखील तीन-तीन बाइट घेतो. ‘वाचनालय’ हा शब्द एकवीस बाइटांत सुखाने बसतो. ‘प्रीत्यर्थ’ हा शब्द मात्र एकटाच तीस बाइट व्यापतो, आणि उरलेल्या दोन बाइटांत देणगीदाराच्या नावाचे आद्याक्षरही मावत नाही. ‘कैलासवासी’ हे विशेषण लिहिण्याचा प्रयत्न करून पाहू नये. ते बसते खरे, पण त्यापुढे देणगीदाराच्या नावाचे एकच अक्षर मावते. कुटुंबीयांचा आग्रहच असेल तर संगमरवरी पाटी डबीखाली बसवावी. पाटीला बाइटांचे बंधन नाही.

यानंतर पत्त्यांचे प्रकरण. तारेने संगणक डबीस जोडून, पत्रकात दिलेला १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा लिहिला की तिचे दफ्तर उघडते. या आकड्याने सुरू होणारे पत्ते १९९६ साली खासगी जाळ्यांकरिता राखून ठेवण्यात आले, त्यामुळे हाच पत्ता तुमसरच्या भातगिरणीत, पवनीच्या कोसा विणणाऱ्याच्या घरी आणि सातासमुद्रापार कोठेही आढळला, तरी तंटा उद्भवत नाही. दफ्तर उघडताच पहिले कर्तव्य म्हणजे कारखान्यातून लागून आलेला परवलीचा शब्द बदलणे. तो शब्द साऱ्या जगास ठाऊक असतो आणि केवळ चिटणीसांस शोधावा लागतो. दुसरे कर्तव्य याहून गंभीर आहे. प्रत्येक फोनला पत्ता वाटून देण्याचे जे काम मूळ पेटी करीत असते, तेच नवी डबीही राउटरच्या रूपात आपण होऊन करू लागते, आणि मग एका मौजाला दोन पटवारी लाभून एकच गट दोन खातेदारांच्या नावे चढतो, फेरफार कोठेच नोंदला जात नाही, आणि दोघेही खातेदार वाचनालयाच्या दारात उभे राहतात. म्हणून डबीचा पत्ते वाटण्याचा अधिकार काढून घ्यावा, आणि तिला स्वतःला मूळ पेटीच्या वाटपाबाहेरचा एक कायम पत्ता द्यावा. ॲक्सेस पॉइंटचे रूप पत्करलेली डबी हा अधिकार बहुधा आपणच सोडते. अधिकार आपण होऊन सोडल्याचे उदाहरण तालुक्यात दुसरे सापडणे कठीण, म्हणून इतिवृत्तात तिच्या अभिनंदनाचा ठराव घेण्यास हरकत नाही.

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असावा. त्रेसष्ट अक्षरांपर्यंत मुभा आहे. डब्ल्यूपीए-दोन ही २००४ पासूनची संरक्षणपद्धती पुरेशी आहे, २०१८ ची तिसरी आवृत्ती मिळाल्यास अधिक बरी. बटण दाबून किंवा आठ आकडी क्रमांकाने जोडणी देणारी जी सोय डबीवर असते ती बंद ठेवावी, कारण त्या क्रमांकातील दौर्बल्य २०११ सालीच उघड झाले. एवढी दक्षता घेतल्यावर पासवर्ड फळ्यावर खडूने लिहिला जाईल, याबद्दल शंका बाळगू नये. कारण “पासवर्ड काय हाय जी गुरुजी?” हा प्रश्न दिवसभर ऐकल्यानंतर ग्रंथपालाच्या अंगी जो वैराग्यभाव उत्पन्न होतो, त्यापुढे कोणतेही सांकेतिक शास्त्र टिकत नाही. त्यापेक्षा डबीवर दोन जाळी निर्माण करावीत: एक खातेदारांचे, म्हणजे कार्यालयाच्या संगणकाचे, दुसरे निस्तारी, म्हणजे सर्व गावाचे, ज्यातून कार्यालयाच्या संगणकास हात लावता येत नाही. गुरे राखीव जंगलात शिरू नयेत, पण चराईही बुडू नये, हाच जुना न्याय.

निस्ताराच्या कलमांत मुख्य प्रश्न वाटपाचा, आणि तलावाचा दृष्टान्त येथे एकाएकी उलटतो, हे मालगुजारी परंपरेत वाढलेल्या मनाला मान्य होण्यास अवधी लागेल. तलावाखाली पायथ्याचा शेतकरी शेवटच्याला उपाशी ठेवतो. वायफायखाली शेवटचा मनुष्य पायथ्याच्याला उपाशी ठेवतो. कारण असे की, एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, बाकीची कान देऊन थांबतात, आणि हवा मोकळी झाल्यावर पुन्हा आपापली पाळी साधतात. ही शिस्त आमच्या वार्षिक सभेस लाभली असती तर बरे झाले असते. आता डबीजवळचा फोन स्पष्ट ऐकू येत असल्याने आपले म्हणणे क्षणार्धात उरकतो. परंतु रस्त्यापलीकडच्या पिंपळाच्या पारावर बसलेल्या तरुणाचा फोन, क्षीण लहरीमुळे, तेवढेच म्हणणे कितीतरी पट सावकाश उच्चारतो, आणि तो उच्चारीत असेपर्यंत सारे वाचनालय तिष्ठत राहते. पाळी सर्वांना सारखी मिळते. काळ सारखा मिळत नाही. म्हणून त्या तरुणास हाकलू नये, तर आग्रहाने आत बोलवावे, खुर्ची द्यावी, डबीखाली बसवावे. सार्वजनिक वाचनालयाच्या इतिहासात वाचकास आत ओढून आणण्याचे याहून सबळ तांत्रिक कारण आजवर उपलब्ध झालेले नव्हते.

तो येत नसेल, आणि पार सोडण्यास त्याची स्वतःची कारणे असू शकतात ज्यांत चिटणीसांनी शिरू नये, तर त्या बाजूस दुसरी डबी तारेने जोडून लावावी. पहिली एक क्रमांकाच्या चॅनेलवर असेल तर दुसरी सहा किंवा अकरावर ठेवावी; मधले क्रमांक रिकामे दिसतात म्हणून घेऊ नयेत, ते शेजाऱ्यांच्या हद्दीत पसरतात. तार टाळण्यासाठी रिपीटर घेण्याचा मोह होईल. पण तो एकाच चॅनेलवर ऐकतो आणि तेच पुन्हा सांगतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो.

कायद्याची धास्ती बाळगणाऱ्या सभासदांसाठी दोन शब्द. १९३३ च्या बिनतारी कायद्यान्वये परवान्याशिवाय असे यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा होता, म्हणजे मालगुजारीची अखेरची अठरा वर्षे या डबीच्या मालकास मालगुजार आणि सरकार या दोघांचेही भय राहिले असते. जानेवारी २००५ मध्ये २.४ चा पट्टा लहान शक्तीच्या यंत्रांकरिता परवानामुक्त झाला. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेने तर चहाच्या टपरीवाल्यासही ‘सार्वजनिक डेटा कार्यालय’ उघडून परवाना-शुल्काशिवाय वायफाय विकण्याची मुभा दिली. कार्यालय हा शब्द ऐकून टपरीवाल्याने जेवणाची सुट्टी सुरू करू नये, एवढीच अपेक्षा.

शेवटचे कलम विजेसंबंधी, आणि ते थट्टेवारी नेण्याजोगे नाही. पूर्व विदर्भात मृगाच्या आसपास आकाश कडाडू लागते, आणि दोन इमारतींमध्ये उघड्यावरून ओढलेली तांब्याची तार जवळपास पडलेल्या विजेचा झटका थेट डबीपर्यंत, आणि डबीतून संगणकापर्यंत, पोचविते. काचतंतू वीज वाहून नेत नाही, म्हणून ऐपत असल्यास दोन इमारतींमध्ये तोच टाकावा. नसल्यास पहिला गडगडाट ऐकताच, वीज डोक्यावर येण्याची वाट न पाहता, तार आणि विजेचा जोड दोन्ही उपसून ठेवावेत. हे काम शिपायाने करावे असा ठराव सभेने एकमताने संमत केला. उपसलेली तार पुन्हा कोणी जोडावी, हा विषय गणपूर्तीअभावी पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला आहे.