पाटी, दंड आणि वकील

मुंबईत दुकानाची पाटी देवनागरी मराठीत नसेल, किंवा मराठी अक्षरे इतर भाषांपेक्षा लहान असतील, तर महापालिका मालकाला नोटीस देते. मग वाटा दोनच: दंड भरून प्रकरण मिटवणे, नाहीतर न्यायालयात जाणे. दंडाचा हिशेब नोकरागणिक, प्रत्येकी २००० रुपयांपर्यंत. हजेरीपटावर कधी न दिसलेली माणसे इथे मात्र मोजली जाण्याची धास्ती. लढण्याची हौस एका व्यापारी संघटनेने भागवून घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तिची पाटीसक्तीविरुद्धची याचिका फेटाळली, वर २५,००० रुपये भरायला लावले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि खटल्यापेक्षा पाटीवर खर्च करा, असे सुनावले. तेवढ्या पैशांत रंगाऱ्याने अख्खी गल्ली मराठी करून दिली असती.