जास्वंदीची वहिवाट

महसूल खात्यात हयात घालवलेल्या मनुष्याने सेवानिवृत्तीनंतर बागेच्या नादी लागू नये, अशा आशयाचे एखादे परिपत्रक वेळीच निघाले असते, तर माझ्या कुटुंबाचे आणि अंगणातल्या निरपराध वनस्पतींचे पुष्कळ क्लेश वाचले असते. इतर माणसे रोप पाहतात. आम्ही त्याचा खातेदार कोण, ते कोणाच्या हद्दीत उभे आहे आणि त्याची नोंद कोठे झाली आहे, हे आधी पाहतो. साताऱ्यातले हे जुने बैठे घर खरेदी करून राहावयास आल्यावर मी पहिले काम केले ते दोनशे पानांची एक वही आणून तीत बागेचे दप्तर उघडण्याचे. गाव नमुना सातात धारकाचा हक्क आणि बारात पिके, या सरकारी पद्धतीस अनुसरून मी डाव्या पानावर रोपाचे नाव व क्रमांक आणि उजव्या पानावर कळ्या, फुले व कीड यांचा हंगामवार तपशील लिहू लागलो. गुलाबांची पैसेवारी काढू लागलो. आणि ती 50 पैशांच्या खाली उतरली की त्या वाफ्यापुरती टंचाई जाहीर करून पाण्याची नळी तिकडे वळवण्याचा हुकूम देऊ लागलो. हुकुमाची अंमलबजावणी सौ. करीत असे, कारण नळी तिच्या हातात असे. पुढे एके दिवशी “अनंत – कळ्या नाहीत” या माझ्या नोंदीखाली “गुरुवार, दूध दीड लिटर, खाडा नाही” अशी एक नोंद निराळ्या हस्ताक्षरात आढळली, तेव्हा दप्तर संयुक्त झाल्याचे माझ्या ध्यानात आले.

गृहसजावटीचे खातेही मी असेच आपल्याकडे घेतले. सौ.च्या माहेराहून लग्नात आलेले तांब्याचे एक घंगाळ न्हाणीघरातला बंब बंद झाल्यापासून माळ्यावर पडून होते. ते खाली उतरवून मी त्यास दिवाणखान्यात बढती दिली, खिडकीखालच्या शिसवी तिवईवर त्याची स्थापना केली, त्यात पाणी भरले, आणि त्या पाण्यावर अंगणातल्या जास्वंदीची तांबडी फुले सोडली. पहिलाच पाहुणा उंबरठ्यात थबकून “वा!” म्हणाला. या एका अक्षराचा माझ्यावर झालेला परिणाम शब्दांत सांगण्याजोगा नाही. अव्वल कारकून या नात्याने मी ज्या टिपण्या लिहिल्या, त्यांतील युक्तिवादाची वीण ज्यांना समजेल त्यांना समजेल. परंतु त्यांवर कोणाही साहेबाने “वा” असा शेरा कधी मारला नाही. फार तर “पाहिले” एवढाच असे. तेव्हा ज्या खुर्चीवरून घंगाळ समोर दिसते तीवरच पाहुण्यास बसवावे, त्याचे लक्ष गेले नाही तर पाणी बदलण्याच्या निमित्ताने आपण उठावे, आणि तरीही न गेले तर दाराबाहेर जाताना त्यास “जरा सांभाळून, घंगाळ आहे” असे सांगावे, हा क्रम मी हळूहळू बसवला. ते घंगाळ दिवसाआड चिंच आणि मीठ लावून कोणीतरी घासते, ही बाब मात्र पाहुण्यांपुढे मांडण्याचे मला प्रयोजन वाटले नाही. प्रकरण तयार करणारा आणि त्याखाली सही करणारा हे दोन इसम निरनिराळे असतात, ही तर राज्यकारभाराची रूढ रीत आहे.

आता जास्वंदीच्या फुलाची नेमणूक एकाच दिवसाची असते. सकाळी उमलावे आणि सायंकाळी मिटावे, एवढाच त्याचा कार्यकाल. परंतु त्या अवधीत ते देठावर असो, पाण्यात असो वा कोरड्या ताम्हनात, त्याचा तजेला बहुधा ढळत नाही. हा गुण माझ्या घंगाळास जितका सोयीचा, तितकाच तो गणपतीसही सोयीचा असल्यामुळे तंट्याचे मूळ तेथेच रोवले गेले. मंगळवारी झाडावर फुले कमी दिसत. संकष्टीस शोधावी लागत. आणि संकष्टी मंगळवारीच आली, म्हणजे अंगारकी पडली, की झाडावर पाने आणि पिठ्या ढेकूण एवढेच शिल्लक राहत. त्या पिठ्या ढेकणांसाठी कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात कालवून पानापानाची पाठ पुसणारा मी, आणि फुले मात्र परभारे गावात वाटली जाणार! अशाच एका अंगारकीस आमच्या खात्यातले एक निवृत्त उपजिल्हाधिकारी घरी आले. त्यांच्या “वा”ची मी किती वाट पाहिली होती! घंगाळात केवळ पाणी होते. त्यांनी घंगाळाकडे पाहिले, मग वर आढ्याकडे पाहिले, आणि अत्यंत सहानुभूतीने विचारले, “छप्पर गळतं का हो?”

येथे फुले तोडणाऱ्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला प्राप्त आहे. ज्यांस घाई असेल त्यांनी दोन परिच्छेद गाळावेत. पहाटे कॅनव्हासचे बूट घालून फिरावयास निघणाऱ्या सभ्य गृहस्थांची छत्री पावसाकरिता असते, हा समज मी आता सोडून दिला आहे. छत्रीची वाकडी मूठ कुंपणापलीकडची फांदी ओढण्याकरिता असते, आणि ती ओढली जात असताना सोबत्याशी सार्वजनिक जीवनातल्या भ्रष्टाचारावर चाललेले संभाषण क्षणभरही खंडित होत नाही. हेच गृहस्थ भाद्रपदात कासच्या पठारावर जातात, प्रवेशशुल्क भरतात, आखून दिलेल्या वाटेनेच चालतात, आणि एखाद्या पोराने तेरड्यास बोट लावले तर त्याच्या बापास चार शब्द सुनावतात. सह्याद्रीतील इतर स्थळांबरोबर कासचाही 2012 साली जागतिक वारशात समावेश झाला, म्हणून तेथील फूल मानवजातीचे. माझ्या कुंपणातले मात्र देवाचे, आणि देवाच्या वतीने ते ताब्यात घेण्याचे मुखत्यारपत्र ज्याच्या त्याच्या खिशात!

जमीन महसूल अधिनियम 1966 चे कलम 25 माझ्या बाजूचे होते. भोगवट्याच्या जमिनीवरील झाडांचा हक्क त्या जमिनीच्या धारकाकडे असतो, असे ते निःसंदिग्धपणे सांगते. परंतु आमच्या शेजारी संस्कृताचे एक निवृत्त अध्यापक राहतात, आणि निवृत्त माणसाच्या शेजारी दुसरा निवृत्त माणूस राहत असेल तर कोणतेही प्रकरण एका कायद्यात मिटत नाही. त्यांनी गौतमाचे धर्मसूत्र काढले. गाईसाठी गवत, अग्नीसाठी सरपण आणि वेलींची व वृक्षांची फुले मनुष्याने आपलीच समजून खुशाल घ्यावीत, असे गौतम म्हणतो. फळे मात्र कुंपण नसलेल्या झाडांचीच घ्यावीत. “म्हणजे पाहा,” अध्यापक महाशय अतीव आनंदाने म्हणाले, “फळांना कुंपणाची अट आहे, फुलांना तीसुद्धा नाही!” ज्याच्या स्वतःच्या अंगणात कोरफडीखेरीज काही नाही त्याने गौतमाचा आधार द्यावा, याचा मला मनस्वी संताप आला, आणि त्या भरात मी 1882 चा सुखाधिकार अधिनियम वाचावयास घेतला. त्या अधिनियमाइतका रमणीय कायदा दुसरा नसेल. उजेड, वारा, पाऊलवाट, पाटाचे पाणी, शेजाऱ्याच्या तळ्यातले मासे; इतकेच काय, शेजाऱ्याच्या झाडांची गळलेली पाने आपल्या शेतात खतासाठी वापरण्याचा हक्क, हेही उदाहरण त्यात दिलेले आहे. ललितवाङ्मयात गळलेल्या पानांवर उसासे टाकणारे पुष्कळ झाले. त्यांचा मालक कोण, याचा विचार विधिमंडळाने केला. असो. पंधराव्या कलमाचा मथितार्थ असा की, एखाद्याने असा हक्क शांतपणे, उघडपणे, हक्काच्या भावनेने आणि खंड न पाडता 20 वर्षे उपभोगला, तर तो पक्का होतो. मी निर्धास्त झालो. छत्रीवाले शांत होते, पण उघड नव्हते.

परंतु मुख्य प्रतिवादी ते नव्हतेच. एके दिवशी पहाटे मी ओसरीच्या खांबाआड पाळतीवर बसलो असता फाटकाची कडी चांगली खणखणली, आणि नऊवारी नेसलेल्या एक वृद्ध बाई हातात वेताची परडी घेऊन सरळ आत आल्या, झाडापाशी गेल्या, आणि कळ्यांना धक्का न लावता, उमललेले एकेक फूल देठाशी नखाने खुडून परडीत ठेवू लागल्या.

“आजी,” मी खांबाआडून बाहेर येत म्हणालो, “कोणाला विचारून तोडता?”

“इचारायचं काय त्यात? गणपतीला नेते.”

“गणपती तुमचा असेल. झाड माझं आहे.”

“तुमचं?” त्यांनी मला प्रथमच नीट न्याहाळले. “तुम्ही तर आत्ता आलाय. मी वीस-बावीस वर्सं न्हेते हितनं. तुमच्या आधी मास्तर हुते, त्येंच्या आधी त्येंचा म्हातारा हुता. झाड हाय तितंच हाय. तुम्ही बदलताय.”

वीस हा आकडा ऐकताच माझ्या पोटात गोळा आला. शांतपणे? बाई एक शब्द वावगा बोलल्या नव्हत्या. उघडपणे? फाटक साऱ्या आळीला ऐकू गेले होते. हक्काच्या भावनेने? ती तर माझ्यापेक्षा त्यांच्याच चेहऱ्यावर अधिक होती. आणि खंडाविषयी विचारता, “पावसातबी येते की,” असे उत्तर मिळाले. जन्मभर दुसऱ्यांच्या वहिवाटीचे अर्ज निकालात काढणाऱ्या माझ्या अंगणात एक पक्की वहिवाट परडी घेऊन उभी होती.

त्या रात्री जेवताना मी फाटकास कुलूप लावण्याचा प्रस्ताव मांडला. सौ.ने भाकरी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली, आणि पाठमोरीच म्हणाली,

“अहो, पाटणला मी अनंत लावला होता.”

“बरं मग?”

“पहिली कळी धरली आणि तुमची बदली आली. दहिवडीला भांडी विसळलेलं पाणी घालून मोगरा जगवला. बादलीभर पाण्यासाठी टँकरपाशी उभं राहायचे मी, आणि त्यातला तांब्याभर मोगऱ्याला घालायचे. फलटणला तर ही अशीच जास्वंद होती, तांबडी. ती फुलं कुणीतरी तोडतच असेल ना?” भाकरी माझ्या ताटात पडली. “तोडत असेल तर बरं. नाहीतर झाडच तोडलं असेल.”

बदल्यांचे हुकूम बहुधा मे महिन्यात निघत, म्हणजे सारा उन्हाळा ओंजळीओंजळीने जगवलेले रोप ऐन पावसाच्या तोंडावर सोडून निघावे लागे. ट्रकमध्ये चढवावयाच्या सामानाची यादी मी स्वतः करीत असे, आणि त्या कामात माझा हातखंडा होता. खाट, ट्रंका, जाते, डबे, घंगाळ असा क्रमवार तपशील मी लिही, आणि प्रत्येक ठिकाणी निघण्याच्या वेळी ही मागीलदारी जाऊन काही वेळ दिसेनाशी होई. मी ट्रकवाल्याच्या भाड्याचा हिशेब करीत असे व हिला उशीर झाल्याबद्दल हाका मारीत असे. कार्यभार सोपवल्याच्या अहवालात किल्ल्या, शिक्के, दप्तरे आणि शिल्लक रोकड यांचे रकाने असतात. एवढ्या वर्षांत मागीलदारी ती काय करते, हे जाऊन पाहावे असे मला एकदाही सुचले नव्हते, आणि आता त्या जेवणाच्या पाटावर बसून ते विचारण्याचेही धैर्य होईना. मी भाकरीचा पापुद्रा सोलीत बसलो.

“आणि ही जास्वंद तरी तुम्ही कुठं लावलीत?” ती म्हणाली. “आजींना फुलं नेत जा म्हणून मीच सांगितलंय. आपण राहायला आलो त्याच आठवड्यात.”

“काय सांगितलंस? नक्की शब्द काय?”

“ ‘न्या हो आजी’ म्हणाले. दुसरं काय म्हणायचं?”

“आणि मास्तरांच्या वेळी?”

“मास्तरीणबाईंनीही सांगितलं होतं म्हणे.”

मी ताटावरून जवळजवळ उठलोच. वाचकांपैकी जे विधिज्ञ असतील त्यांच्या लक्षात मर्म आले असेल. धन्याच्या परवानगीने केलेला उपभोग हा हक्काच्या भावनेने केलेला उपभोग नव्हे, आणि जेथे परवानगी आहे तेथे 20 काय, 50 वर्षे लोटली तरी वहिवाट पिकत नाही! दोन पिढ्यांच्या गृहिणींनी “न्या हो” या दोन शब्दांनी या मिळकतीचे असे संरक्षण करून ठेवले होते की, कोणा नामांकित वकिलास ते साधले नसते. आजींचा दावा समूळ कोसळला होता. आता माझा हक्क निर्वेध राखावयाचा तर मार्ग एकच उरत होता, आणि तो म्हणजे आजींना फुले तोडण्याची परवानगी चालू ठेवणे. ती तोंडी असू नये, एवढी दक्षता मी घेतली. रात्रीच बसून मी रीतसर परवाना लिहिला: “सदर मिळकतीतील जास्वंदीची उमललेली फुले देवपूजेच्या प्रयोजनार्थ नेण्यास येणेप्रमाणे अनुमती देण्यात येत असून, या अनुमतीमुळे कोणताही कायमस्वरूपी हक्क निर्माण होणार नाही.” तारीख घातली, सही केली, आणि शिक्का नसल्याची खंत मनात ठेवून तो घडी घालून ठेवला. घंगाळासाठी चार फुले राखून ठेवण्याची अट मी घातली होती. सौ.ने वाचताना ती खोडून “दोन” केले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तो कागद फाटकापाशी आजींच्या हाती दिला.

“ह्ये काय?”

“परवाना. आता तुम्ही हक्कानं नाही, माझ्या परवानगीनं फुलं नेता.”

“वाचून दावा. चष्मा घरी ऱ्हायला.”

मी पहाटेच्या अंधुक उजेडात तो आरंभापासून सहीपर्यंत खणखणीत आवाजात वाचून दाखवला; अध्यापक महाशय त्यांच्या अंगणात कोरफडीस पाणी घालीत होते, त्यांसही तो ऐकू जावा अशी माझी इच्छा होती. आजींनी सारे ऐकून घेतले, कागद परडीत तळाशी ठेवला, त्यावर फुले तोडून ठेवली, आणि जाता जाता फाटकाची कडी लावीत म्हणाल्या,

“बरं लिवलंय. त्यात दूर्वांचंबी घाला की. मंगळवारी लांब जावं लागतंय.”

पुरवणी परवान्याचा मसुदा तयार आहे. अंगणात दूर्वा नाहीत, एवढीच एक तांत्रिक अडचण आहे. त्या नळाशेजारच्या ओलाव्यात लावाव्यात की तुळशीच्या मागे, याबाबत मी व सौ. यांच्यात मतभेद असून पावसाळा तोंडावर आला आहे.