घरच्या घरी पाल ओळखा

साहित्य: लोणच्याची रिकामी काचेची बरणी, टॉर्च, रात्रीची ट्यूबलाइट. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर पाल शोधावी लागणार नाही, गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटात थोडा धीर धरा. केरसुणी आधी लपवून ठेवा.

पाल अंगावर पडायची वाट बघत बसू नका. कुठल्या अवयवावर पडली की काय फळ, हे वर्गीकरण पंचांगात तयार आहे. पण त्यात माणसाचे अवयव धरतात. आपल्याला पालीचे बघायचे आहेत.

चेहऱ्यावर जाऊ नका. पापणी नाही म्हणजे पालच, असं म्हणून मोकळं होणाऱ्याला मध्य अमेरिकेच्या जंगलात सोडावं. तिथल्या लेपिडोफायमा नावाच्या सरड्यालाही पापणी नसते, पण त्याचं नातं पालीपेक्षा सापसुरळीशी जवळचं. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. त्यातल्या एका जातीच्या काही ठिकाणी तर सगळ्या माद्याच, आणि नरावाचून त्यांचं काही अडत नाही.

तेव्हा पाय बघा. पाल अलगद बरणीत घ्या, खालून टॉर्च मारा. बोटांच्या तळाशी मधोमध दुभंगलेल्या आडव्या पट्ट्या दिसल्या की प्रजाती ठरली: हेमिडॅक्टायलस.

खरी डोकेदुखी पुढे, जात ठरवताना. पाठ गुळगुळीत, पोट पिवळसर, अंगाने दांडगी असेल तर फ्लॅविव्हिरिडिस. हे नाव रुपेल या जर्मनाने 1835 मध्ये दिलं. पाठीवर खरखरीत दाणे असतील त्या पालीला पूर्वी सरसकट ब्रूकी म्हणत. त्या एका नावाच्या पोटातून पुढे बऱ्याच जाती निघाल्या, म्हणून घाई नको. मांडीखालची छिद्रं मोजा. ती नरालाच ठळक असतात, आणि नवशिक्याच्या बरणीत हमखास मादी येते. शेपटीवरून तर काहीच ठरवू नका: नव्याने फुटलेली शेपटी मूळ शेपटीसारखी नसते.

हात बसला की घराबाहेरच्या पालींकडे वळा. सातारा जिल्ह्यातली सातारेन्सिस आणि पुणे जिल्ह्यातली आरोनबाउराय या दोघींना 2008 मध्ये शास्त्रीय नावं मिळाली. पालींचे अभ्यासक वरद गिरी यांनी दुसरीला त्याच क्षेत्रातल्या ॲरन बाउर यांचं नाव दिलं आणि पहिलीचं वर्णन त्याच बाउरांच्या जोडीने केलं. तुमचंही नाव एखाद्या पालीला लागू शकतं. शाळेतल्या मित्रांनी पालीचं नाव तुम्हाला लावलेलं असेल, तर ते शास्त्रात धरत नाहीत.