मोठ्याने बोला

आमचा भाचा हिंजवडीतल्या एका कंपनीत यूएक्स रिसर्चर आहे. म्हणजे नक्की काय, हे घरात फक्त त्याच्या आईला सांगता येतं : "लोक अडखळतात तिथे हा बसून बघतो. त्याचे पैसे मिळतात." पुण्यातल्या कट्ट्यांवर हेच काम पिढ्यान्‌पिढ्या फुकट चालत आलंय, ही गोष्ट वेगळी.

मागे एकदा मी मोबाइलवर लाइट बिल भरायला बसलो आणि त्याला हाक मारली. लगबगीने आला; पण मदतीला नव्हे, वही घेऊन. "मामा, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा." याला त्यांच्यात थिंक अलाउड म्हणतात. ओटीपी शोधेपर्यंत त्याची मुदत दोनदा संपली. मनात आलं ते मी मोठ्याने बोललो; ही देवपूजा टाकून बाहेर आली.

"अरे, कुठलं बटण दाबू?"

"तुला कुठलं दाबावंसं वाटतंय?"

उत्तर सुचवणं त्यांच्या धर्मात महापाप! वीस मिनिटांनी बिल भरलं गेलं. कसं वाटलं, असं त्याने विचारल्यावर मी ऐटीत म्हटलं, "सोपं आहे की!" त्याने वहीत लिहिलं : 'सोपं म्हणतो. घाम चारदा पुसला.' वर मला शिकवलं, "मामा, माणूस बोलतो ते ऐकून घ्यायचं, पण विश्वास तो करतो त्याच्यावर ठेवायचा."

बोलणंही तसंच. चप्पल चावली तरी त्याचा 'पेन पॉइंट' होतो. हिच्या मसाल्याच्या कपाटासाठी त्याने डब्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या. "मामी, तुला पटतील तसे गठ्ठे लाव." हे कार्ड सॉर्टिंग. हिने एकच गठ्ठा लावला आणि म्हणाली, "हे माझं. हात लावायचा नाही."

पण सोसायटीच्या काचेच्या दाराने मला त्याच्या बाजूला वळवलं. 'ढकला' अशी पाटी असूनही मी रोज ते ओढतो आणि वॉचमन हसतो. भाचा म्हणाला, "ओढायची मूठ लावली तर माणूस ओढणारच. चूक दाराची." अशा दाराला नॉर्मन डोअर म्हणतात, डॉन नॉर्मनने १९८८ साली असल्या वस्तूंवर अख्खं पुस्तक लिहिलंय. या घरात चूक माझी नाही असं कुणीतरी पहिल्यांदाच म्हणालं होतं.

मग त्याच्या लग्नाचा विषय निघाला. स्थळं किती बघायची? "पाच." जेकब नीलसनने २००० साली मांडलंय म्हणे, की पाच जणांवर चाचणी घेतली तर सुमारे ८५ टक्के अडचणी कळतात. "उरलेल्या पंधरा लग्नानंतर कळतात," ही म्हणाली.

दुसऱ्या स्थळी पोहे आले. 'स्वयंपाक आवडतो का?' हा प्रश्न उत्तर सुचवणारा, म्हणून याने विचारलं, "शेवटचा स्वयंपाक केलात तेव्हा काय काय झालं, सांगाल?"

मुलगी शांतपणे म्हणाली, "आत्ताच केलाय. बशी तुमच्या हातात आहे. खाताना मनात येईल ते मोठ्याने बोला."

पोह्यांत मीठ दोनदा पडलं होतं. भाचा म्हणाला, "छान झालेत."

मुलगी काही बोलली नाही. तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे नव्हतंच. तो तिसऱ्यांदा भरून घेत असलेल्या पाण्याच्या पेल्याकडे होतं.

जिना उतरताना भाचा म्हणाला, "मामा, उरलेल्या तिघींकडे नको म्हणून कळव."