समुद्राला मार्चअखेर कळत नाही

अरबी समुद्र हा अत्यंत बेशिस्त गृहस्थ आहे. त्याला आर्थिक वर्ष नाही, सुट्ट्यांची यादी नाही, आचारसंहिता तर मुळीच नाही. तो अजूनही तिथीवर चालतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. कोकणातलं शेंबडं पोरही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतं. अष्टमी? आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती, संपला विषय. मुंबई महापालिका तर साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी पावसाळ्याआधीच छापून मोकळी होते. इतकं आगाऊ वेळापत्रक एसटीलाही जमलेलं नाही. तरीही बांध फुटला की अहवालाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘अचानक आलेल्या उधाणामुळे...’

ज्यांनी खारबंदिस्ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अलिबाग-पेणच्या खारेपाटात, धरमतरच्या खाडीला लागून, मैलोन्‌मैल मातीचे बांध आहेत. बाहेरकाठा समुद्राचं पाणी अंगावर घेतो. तो दगा देईल म्हणून मागे आतलाकाठा. पलीकडे खारं पाणी, अलीकडे भात, मधे माणसाने घातलेला चिखल. आतलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बांधाच्या पोटात उघाडी असते. उघाडीला बाहेरच्या तोंडाशी वरून टांगलेली झडप. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. भरती आली की समुद्रच तिला दाबून बंद करतो. म्हणजे तो स्वतःच्या हाताने स्वतःच्या नाकावर दार लावून घेतो. वीज नाही, पंप नाही, भत्ता नाही. साऱ्या योजनेत दिवसातून चार वेळा इमानाने काम करणारी ही एकटीच, म्हणून सगळ्यात आधी तीच कुजू दिली जाते.

पूर्वी या बांधांची राखण जोळ करायची. जोळ म्हणजे त्या बांधामागे ज्यांची शेती, त्यांची जमात. उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर फिरायचं, खेकड्याचं बीळ दिसलं की तिथल्या तिथे चिखलाचा गोळा मारून बुजवायचं. खांड पडलीच तर घरटी माणूस हजर, आणि पुढच्या भरतीच्या आत काम पुरं. कारण उघड होतं: न बुजवणाऱ्याचंच भात जाणार होतं. पण या पद्धतीत मोठा दोष होता. तिच्यात फाईल नव्हती. मग 1948 साली खारजमिनींचा कायदा झाला, 1979 साली महाराष्ट्राचा स्वतःचा खारजमीन विकास कायदा आला, बांधांच्या योजना झाल्या, त्यातही शासकीय आणि खाजगी असे दोन वर्ण पडले. बांध शासकीय असेल तर निधी नाही आणि खाजगी असेल तर संबंध नाही. जोळ म्हणाली, सरकार आहे ना आता. आणि कंदील घेऊन घरी गेली.

आता समजा, पिठोरी अमावास्येच्या उधाणाला तात्यांच्या शेताजवळ बांधाला दहा हातांची खांड पडली. तात्या दुसऱ्याच दिवशी कचेरीत अर्ज देतात. अर्जावर शिक्का बसतो. गणपती होतात. कनिष्ठ अभियंता पाहणीला येतो तेव्हा पितृपक्ष चालू असतो आणि खांड दहाची पंधरा हात झालेली असते, कारण पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं आणि दोन्ही वेळा बांधाची कड घेऊन जातं. अंदाजपत्रक दिवाळीनंतर वर जातं, तांत्रिक मंजुरीला थांबतं, प्रशासकीय मान्यतेला थांबतं, लेखाशीर्ष सापडेपर्यंत थांबतं. समुद्र मात्र कुठेच थांबत नाही. निविदा उघडते ती मार्चमध्ये. निधी परत जाऊ नये म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डंपर येतात. खाडीची चिकणमाती उचलायला परवानगी नाही, म्हणून डोंगराचा लाल मुरूम येतो.

‘‘काका, मंजुरी पंधरा हातांची आहे,’’ अभियंता टेप गुंडाळत म्हणतो. ‘‘तुमची खांड तर पन्नासाच्या वर गेली.’’

‘‘माझी नाही साहेब, सरकारी आहे. मी फक्त अर्ज केला होता.’’

‘‘उरलेल्याला सुधारित अंदाजपत्रक करावं लागेल.’’

‘‘तोवर दर्याला थांबायला सांगू?’’

‘‘तसं लेखी द्या.’’

पंधरा हात मुरूम पडतो. मोजमाप पुस्तिकेत पंधरा हात बांध उभा राहतो. उरलेल्या भोकातून पाणी पूर्वीसारखंच येतं-जातं, आणि जूनच्या पहिल्या उधाणात मुरूमही त्याच्याबरोबर जातो. बिल त्याच्याआधी गेलेलं असतं.

खरी गंमत पुढे आहे. खारं पाणी शेतात ये-जा करू लागलं की दोन-चार वर्षांत तिथे तिवरं उगवतात. कोणी लावत नाही, बिया भरतीबरोबर येतात. तिवर हे गुणी झाड. बांधाच्या बाहेर उभं असेल तर लाटेचा जोर मोडतं, त्याच्याइतका स्वस्त पहारेकरी नाही, आणि ते तोडायला उच्च न्यायालयाने मनाई केली हे उत्तमच झालं. 2018 च्या निकालात तर तिवरांच्या कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखायला सांगितला आहे. पण बांधाच्या आत, तात्यांच्या भाताच्या खाचरात उगवलेलं तिवर हे पहारेकरी नव्हे, पोटभाडेकरू आहे. खारभूमीवाले म्हणतात, आता इथे कांदळवन आहे, वनखात्याची परवानगी आणा. वनखातं म्हणतं, कांदळवनात बांध कसला घालता? सातबाऱ्यावर अजून भात उभं आहे, शेतात तिवर उभं आहे, आणि दोन्हींच्या मधे तात्या. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारात तग धरणारं भाताचं बियाणं काढलं आहे. फायलीत तग धरणारा शेतकरी मात्र अजून कोणी काढलेला नाही.

बांध का फुटला हे सांगताना कचेरीपुढे एक अडचण होती. दोष द्यायला खेकड्याशिवाय कोणी नव्हतं. 2019 च्या जुलैत चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली, तेव्हा त्या वेळचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं होतं. लोक हसले, रागावले, काहींनी पोलीस ठाण्यात खेकडे नेले. आता तसं हसं व्हायला नको, कारण खेकड्याला बढती मिळाली आहे. त्याच्या जागी जागतिक तापमानवाढ रुजू झाली आहे. कंत्राटदाराने माती खाल्ली? छे, अंटार्क्टिकाचं बर्फ वितळलं. झडप कुजली? कार्बन.

समुद्र चढतोय हे खोटं नाही. आयपीसीसीच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे 1901 ते 2018 मध्ये जगातल्या समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटरने वाढली, आणि अलीकडे ती वर्षाला साडेतीन मिलिमीटरहून जास्त वेगाने वाढते आहे. सव्वाशे वर्षांत वीतभर पाणी, आणि पुढची वीत लवकर येणार. म्हणून बांध वीतभर उंच हवा, हे शास्त्र. पण आधी बांध हवा. माती न पडल्यामुळे तो ज्या वेगाने खाली बसतोय, त्यापुढे समुद्राचं चढणं म्हणजे बैलगाडीच. रत्नागिरीच्या मिऱ्याला वर्षानुवर्षे दगड टाकले आणि समुद्राने ते नेले. तेव्हा ही वीत कुणाच्या तोंडी नव्हती.

यावर उपाय म्हणून हॉलंडचा अभ्यासदौरा निघेलच. शिष्टमंडळाला तिथे काय दाखवतील तेही सांगून ठेवतो, म्हणजे तिकिटाचे पैसे वाचतील. 1953 च्या वादळात त्या देशात 1,836 माणसं बुडाली, त्यानंतर त्यांनी अजस्र दारं बांधली. पण त्याआधी, तेराव्या शतकापासून, बांधामागे राहणारे लोकच आपली जलमंडळं चालवतात, पट्टी गोळा करतात आणि बांधांवर लक्ष ठेवतात. म्हणजे जोळ. शिष्टमंडळ परत येऊन ‘लोकसहभागातून बांधव्यवस्थापन’ असा अहवाल देईल, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र कक्ष उघडला जाईल.

आपल्याकडे समुद्र अडवण्याचं एक मोठं काम तडीस गेलं, ते अठराव्या शतकात. मुंबईत, महालक्ष्मी ते वरळी. गव्हर्नर हॉर्नबीने कंपनी सरकारच्या लंडनच्या होकाराची वाट न पाहता ते रेटलं, असं सांगतात. भिंत पुन्हापुन्हा ढासळत होती. मग रामजी शिवजी या पाठारे प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातल्या मूर्ती बाहेर काढल्या आणि भिंत टिकली, अशी कथा आहे. म्हणजे तांत्रिक मंजुरी देवीने दिली आणि प्रशासकीय मान्यता कुणीच दिली नाही.

तात्यांना ही कथा फार आवडली. हल्ली ते दुपारचेही झोपतात.