टांकसाळीचे ऑडिटर

भिंगोजीरावांना गाठायचं असेल तर संध्याकाळी सातला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जावं, आणि घाईत असाल तर मुळीच जाऊ नये. पाव किलो शेंगदाणे घेऊन ते शंभराची नोट देतात. सुट्टे हातात पडले की चारचौघांसारखे खिशात न टाकता काउंटरवर ओळीनं मांडतात. मग शर्टाच्या खिशातून भिंग निघतं, पँटच्या खिशातून चिमुकला लोहचुंबक निघतो, आणि मागची रांग पार इस्त्रीवाल्यापर्यंत जाते. "काका, जरा सरकता का?" असं कुणी म्हटलं तर ते सरकतात, नाण्यांची ओळ सरकत नाही. कंटाळून दुकानदारानं त्यांच्या नाकासमोर यूपीआयचा फलक टांगला. भिंगोजीरावांनी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवून दिल्या.

भिंगोजीराव हे त्यांचं खरं नाव नाही, आणि ते एकटेही नाहीत. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुठल्याही नाणी-प्रदर्शनात फेरी मारा. डाव्या हातात चिमटीत धरलेला रुपया, उजव्या डोळ्याला भिंग, आणि चेहऱ्यावर फौजदाराचा संशय असे पाच-सहा भिंगोजीराव दिसतीलच. आमच्या कॉलनीतला नमुना मात्र अस्सल, कारण तो सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेला आहे. उभी हयात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली. निवृत्तीनंतर घरच्यांच्या चुकांवर काही दिवस भागलं, पण मुलानं आणि सुनेनं बेंगळुरूला बदली करून घेतली. उरल्या काकू, त्यांनी आक्षेपांना उत्तर देणं फार पूर्वीच सोडलं होतं. अशा ऐन दुष्काळात त्यांना कुणीतरी सांगितलं की टांकसाळसुद्धा चुकते, आणि चुकलेल्या नाण्याला शौकीन लोक चांगला भाव देतात. भिंगोजीरावांना भावाचं फारसं कौतुक नव्हतं. सरकार चुकतं आणि त्याचा पुरावा आपल्या खिशात येऊन पडतो, यानंच ते मोहरून गेले.

अडचण एवढीच, की त्यांना झीज मान्य नाही. एखादा रुपया टांकसाळीतून निघतो. भाजीवालीच्या गोणपाटाखाली, कंडक्टरच्या चामडी पिशवीत, देवीच्या ओटीत, पोरांच्या खिशातल्या गोट्यांत अशी वर्षानुवर्षं फिरती करतो, आणि त्यावरच्या सिंहाचं नाक बसतं. याला जबाबदार कोण? कुणीच नाही, किंवा आपण सगळेच. ऑडिटच्या शेऱ्यात 'आपण सगळेच' असं लिहिता येत नाही. म्हणून सिंहाचं नाक गेलेलं दिसलं की त्यांच्या वहीत नोंद पडते : 'ठसा कमजोर. खुलासा मागवावा.'

वास्तविक या विषयातली पहिली गोष्ट त्यांना काकूंनी फुकट शिकवली होती. एका रुपयावर आडवी बारीक रेघ सापडली म्हणून घरात आनंदीआनंद झाला होता. ठशाला तडा गेला की त्या तड्यात चकतीचा धातू शिरतो आणि नाण्यावर रेघ उमटते, हे भिंगोजीराव ओट्याशी उभे राहून सांगत होते. काकूंनी ओला हात पदराला पुसला आणि रेघेवरून नख फिरवलं. "अहो, ही खाली गेलीय. तुमच्या त्या तड्याची रेघ वर यायला हवी ना?" मग डाळीकडे वळत म्हणाल्या, "पाटा झिजला की टाकीचे ठिपके पुसले जातात. वाटून वाटून नवे ठिपके आलेले मी तरी पाहिले नाहीत."

सगळं शास्त्र यात आलं. वापर नाण्यावरचं काढून नेतो, घालत काही नाही. आणि काढतो तेही आधी उंचवट्यावरून, म्हणजे राजाचा गाल, राणीचे केस, सिंहाची छाती. खळग्यातलं शेवटी जातं. उठून आलेली रेघ किंवा गाठ ठशाचं दुखणं असू शकतं. खोदलेला ओरखडा बहुधा जगाचा प्रसाद असतो. भिंगोजीरावांनी हे वहीत लिहून घेतलं, खाली तारीख घातली, आणि पुढचा आठवडाभर काकूंशी बोलले नाहीत.

पुढचं प्रकरण गायब अक्षराचं. ठशाच्या खाचेत ग्रीस आणि कचरा साचला तर तेवढंच अक्षर नाण्यावर पुसट येतं किंवा येतच नाही. अशा वेळी शेजारची अक्षरं मात्र करकरीत असतात, भोवतालच्या सपाट जागेचा कोरेपणाही शाबूत असतो. भिंगोजीरावांना 'रुपया'तला 'रु' नसलेला रुपया मिळाला. त्यात 'पया'ही जेमतेमच होता, कणसांचे दाणे सपाट झाले होते आणि कड गुळगुळीत. त्यांचा निष्कर्ष : संपूर्ण ठसाच ग्रीसनं भरलेला होता. "मग नाणं पाडलं की तळलं?" काकू म्हणाल्या.

पण माणूस अगदीच कच्चा आहे असं समजू नका. कड कापलेल्या नाण्याच्या बाबतीत त्यांना फसवणं कठीण. पत्र्याच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी नीट सरकली नाही, तर आधीच्या भोकाचा घास नव्या चकतीत येतो आणि नाणं चंद्रकोरीसारखं खाल्लेलं निघतं. अशा नाण्याची ओळख घासाजवळ नसते, समोरच्या बाजूला असते. चकतीला कड काढताना घासाच्या जागी धातूच नसल्यानं नेमका त्याच्या समोर दाब कमी पडतो, आणि तिथली कड दबकी, अर्धवट येते. एका विक्रेत्यानं त्यांना असा रुपया दाखवून पाचशे सांगितले. भिंगोजीरावांनी घासाकडे पाहिलंसुद्धा नाही, नाणं फिरवलं, समोरची ताठ कड पाहिली आणि विचारलं, "कानस कुठल्या नंबरची वापरता?" तो विक्रेता आता त्यांना लांबून नमस्कार करतो आणि टपरीच्या मागे जातो.

जुनं नाणं हातात आलं की मात्र हीच विद्या त्यांच्यावर उलटते. शिवराईचंच घ्या. तांब्याची चकती ठशावर ठेवायची आणि वरून घण हाणायचा, असा तो कारभार. चकती बहुतेकदा ठशापेक्षा लहान, म्हणून एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' एवढा सगळा मजकूर एकाच नाण्यावर पुरा उतरणं हाच योग. भिंगोजीरावांना 'राजा'तला 'जा' आणि अर्धा 'शिव' असलेली शिवराई मिळाली. "छाप सरकलाय! केवढी मोठी चूक!" ते ओरडले. बाजारातल्या म्हाताऱ्यानं गोणपाटावर तळहात फिरवून ढीगभर शिवराया पसरल्या. "साहेब, यातली न सरकलेली काढा. तिचे मी तुम्हाला जास्त देतो."

व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाशीही त्यांचं असंच वाजलं. १८६२ साल असलेले रुपये पुढेही बरीच वर्षं पडत राहिले. मुंबईच्या टांकसाळीनं खरं वर्ष कळावं म्हणून त्यावर बारीक ठिपके घातले, असं जाणकार मानतात. भिंगोजीरावांनी ते ठिपके 'धातूचे अनधिकृत कण' म्हणून नोंदवले. दुसऱ्या एका रुपयावर वरच्या कडेला उठून आलेली गाठ होती. ती पाहून त्यांना वाटलं, काकूंच्या कसोटीलाही उतरणारी ठशाची खोट अखेर मिळाली. काकूंनी ती ओळखली. तसले रुपये त्यांच्या आजीच्या गळ्यातल्या माळेत होते. माळेची कडी काढून टाकली तरी सोनाराचा डाक राहतो, त्याचीच ती गाठ.

त्यांना खरं दुःख आहे ते पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाचं. राजाच्या गळ्यातल्या साखळीतल्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली, की लोकांना तिथे डुक्कर दिसलं. बोभाटा झाला आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारण्यात आला. "इतकी ठळक चूक," भिंगोजीराव हळहळतात, "आणि लोकांनी भिंगाशिवाय पकडली!"

हल्ली त्यांना सगळ्यात जास्त राग मोबाइलवरच्या व्हिडिओंचा येतो. वैष्णोदेवीचं २०१२ चं पाच रुपयांचं नाणं विका आणि लखपती व्हा, असं त्यात सांगतात. जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या खरेदी-विक्रीच्या जाहिरातींना भुलू नका, असं रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं. कॉलनीतल्या एका पोरानं तसलं नाणं आणून दाखवलं तेव्हा भिंगोजीरावांनी ते दहा मिनिटं तपासलं आणि संतापानं परत केलं. "यात एकही चूक नाही. निर्दोष नाण्याला लाख रुपये? हा शुद्ध भ्रष्टाचार आहे!"

अखेर त्यांना खरी चूक मिळाली, तीही किराणा दुकानातच. पाडलेलं नाणं कधी ठशालाच चिकटून बसतं आणि खालची नवी चकती त्या नाण्यावरच दाबली जाते. मग एका बाजूला सिंह उठावात आणि दुसऱ्या बाजूला तोच सिंह उलटा, आत खोदलेला. नाणेबाजारात याला लाखी म्हणतात. दोन नाणी वाइसमध्ये दाबून असली बनावट करणारे महाभागही आहेत, पण त्यात पलीकडची बाजू चेपते. याची चेपली नव्हती. वजन ४.८५ ग्रॅम, जुन्या पोलादी रुपयाला हवं तेवढं. चुंबकाला चिकटला. काकूंनी नख फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. त्या रात्री भिंगोजीरावांना झोप लागली नाही. आक्षेप मान्य झाल्यावर पुढे काय करायचं असतं, याची त्यांना सवय नव्हती.

कॉलनीच्या क्रिकेट सामन्याला नाणेफेकीसाठी त्यांनी तोच रुपया मोठ्या मनानं दिला. बी विंगचा कप्तान 'छापा' म्हणाला आणि छापा पडला. ए विंगच्या कप्तानानं नाणं उचलून उलटं केलं, तिकडेही छापाच. मैदानात हलकल्लोळ माजला. "ही बाजू छापा नाही, छाप्याची उलटी प्रत आहे," भिंगोजीराव समजावू लागले, "आणि चूक टांकसाळीची आहे, माझी नाही!" चकती, ठसा, चिकटलेलं नाणं असं सगळं सांगून होईतो दोन षटकं कमी करायची वेळ आली. शेवटी पंचांनी कुणाच्या तरी खिशातला साधा, झिजका रुपया घेतला आणि उंच उडवला. तो खाली आलाच नाही. भिंगोजीरावांनी वरच्या वर झेलला होता आणि भिंग डोळ्याला लावून ते म्हणत होते, "एक मिनिट, याची कड जरा बघू द्या."