भागिले 70

बोदवडच्या बस स्थानकात सकाळी पेपर वाचत बसणाऱ्या म्हाताऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, तसे निवृत्त एसटी चालक-वाहकही असतात. दोघेही 58 व्या वर्षी घरी बसले. रक्तदाबाच्या गोळ्या दोघांनाही लागतात. शिक्षकाचे पेन्शन महागाई भत्त्याबरोबर वाढते. चालकाचे मात्र निवृत्तीच्या वेळी जे ठरले, त्यावरच थांबलेले आहे. शिक्षकाला जास्त मिळते ही माझी तक्रार मुळीच नाही. त्याला मिळते ते त्याच्या हक्काचे आहे. चालकाला मिळते ते लाज वाटावी असे आहे.

एसटी महामंडळ राज्याचे, पण त्याचा कामगार राज्य सरकारी कर्मचारी नाही. 2021-22 चा एसटी कामगारांचा लांबलेला संप राज्य सरकारात विलीनीकरणासाठीच होता, आणि विलीनीकरण काही झाले नाही. म्हणून चालकाच्या वाट्याला आली कर्मचारी पेन्शन योजना 1995, म्हणजेच ईपीएस-95. तिचा हिशेब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले 70. हातात पगार कितीही पडो, पेन्शनसाठी तो साधारणपणे 6,500 रुपयांपर्यंतच धरला जायचा. 1 सप्टेंबर 2014 पासून ही मर्यादा 15,000 झाली.

आता 2013 साली निवृत्त झालेला चालक घ्या. 16 नोव्हेंबर 1995 ला योजना आली, तेव्हापासूनची 18 वर्षे धरू. 6,500 गुणिले 18, भागिले 70. उत्तर येते 1,671 रुपये. त्याआधीच्या नोकरीची थोडी भर पडते, तीही शेकड्यांतच. दिवाळीत घरी न थांबता आणि शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीची गर्दी भरून ज्याने गाडी हाकली, त्याच्या आयुष्याचे हे मोल. त्याच्यामागे बायकोला त्याच्या पेन्शनच्या निम्मे. निम्मे फारच कमी भरले तर किमान 1,000. हा 1,000 चा आकडा 2014 साली ठरला. तेव्हापासून गॅस, डाळ, डॉक्टरची फी सगळे कुठल्या कुठे गेले.

नवी मर्यादा तरी उदार आहे का? पूर्ण 35 वर्षे 15,000 ने धरली तर बसतात 7,500. पण योजनाच 1995 ची, त्यामुळे योजनेतली बोनसची 2 वर्षे मिळवूनही ही 35 वर्षे 2028 च्या आधी कुणाची भरत नाहीत. पेन्शनर किमान 7,500 आणि त्यावर महागाई भत्ता मागतात, तेव्हा ते अवास्तव मागतात असे कुणी म्हणू नये. सरकारच्या सूत्रातले पूर्ण नोकरीचे पेन्शन तेवढेच आहे.

ही मागणी आपल्या शेजारूनच उठली. बोदवडहून रेल्वेने मलकापूर गाठले की बुलढाणा जिल्हा लागतो. तिथे कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली ईपीएस-95 पेन्शनरांनी 24 डिसेंबर 2018 पासून साखळी उपोषण धरले. मांडवात बसणारे सत्तरीतले लोक. त्याच्याही आधी, 2013 साली, भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने किमान 3,000 रुपये सुचवले होते. तेच कोश्यारी पुढे आपले राज्यपाल होऊन गेले. ते 3,000 आलेच नाहीत.

सरकारचे उत्तर ठरलेले: निधीत तूट आहे. असेल. पण निधीत जाणारी रक्कम कुणी ठरवली? मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के, तेही 15,000 वरच, म्हणजे महिन्याला 1,250. हे बंधन कामगाराने घातले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2022 च्या निकालाने प्रत्यक्ष पगारावरच्या वाढीव पेन्शनची वाट उघडली खरी, पण त्यासाठीचा पर्याय न देता 1 सप्टेंबर 2014 च्या आधी निवृत्त झालेले त्यातून वगळले गेले. आपला 1,671 वाला तिथेही बाहेरच राहिला.

आजचे चालकही निर्धास्त नाहीत. जून 2025 मध्ये निघालेल्या श्वेतपत्रिकेत एसटीचा संचित तोटा 10 हजार कोटींच्या वर दाखवला आहे, आणि थकीत देण्यांत भविष्य निर्वाह निधी नि उपदानही आहे. निवृत्तीचा पैसा थकवून गाड्या चालवायच्या, हे बंद झाले पाहिजे.

बोदवड रावेर लोकसभा मतदारसंघात येते. इथल्या खासदार रक्षा खडसे 2024 पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत आणि ईपीएस-95 हा केंद्राचाच विषय आहे. ताई, बाकावरच्या या माणसांचा हिशेब एका कागदावर मावतो. तो कामगार मंत्र्यांच्या टेबलावर ठेवा, आणि काय उत्तर मिळाले ते बोदवडला येऊन सांगा.